ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर

काही वर्षांपूर्वी अलिबागकडच्या एका शाळेत आठवीच्या वर्गाला भूगोलाचा पाठ देण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. विषय सागरी लाटांच्या कार्याचा होता; आणि क्रमिक पुस्तकाबरहुकूम, वाळूच्या दांड्यामागे समुद्राचे पाणी कोंडून जे उथळ सरोवर तयार होते त्यास खाजण म्हणतात, ही व्याख्या मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून दिली. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा जरा चुळबुळला, उठला आणि म्हणाला, "सर, आमचं खाजण जमीन आहे. पाणी येतं ते उधाणाचं, तेवढंच. सातबारा आहे तिचा आजोबांच्या नावावर." वर्ग हसला, मीही हसलो, परंतु घरी परतताना ते हसणे मला बोचू लागले, कारण पुस्तक खोटे नव्हते आणि मुलगाही खोटे बोलत नव्हता. पुस्तकाने एका प्राचीन कोकणी शब्दाला नवी कामगिरी नेमून दिली होती, आणि मुलाच्या घरी तो शब्द आपल्या जुन्या कामावर, महसूल दप्तराच्या साक्षीने, पूर्ववत रुजू होता.

त्या दिवसापासून पाण्याच्या आणि किनाऱ्याच्या नावांविषयी मी एक पथ्य पाळत आलो आहे, आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत मुलाबाळांसह कोकणात अगर गोमंतकात उतरणाऱ्या वाचकांस तेच सुचवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नाव आधी विचारू नये; पाणी कोठून येते, कोठे जाते आणि मध्ये त्यास कोण अडवते, हे आधी पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की नाव आपोआप जवळ येते. न मिळता नुसते नाव पाठ केले, तर परीक्षेत गुण मिळतात आणि किनाऱ्यावर फजिती होते.

आता ही पाहणी करावयाची कधी? येथे बहुतेक प्रवाशांची पहिली चूक होते. मंडळी मुक्कामाची खोली, जेवणाची खानावळ आणि परतीची गाडी यांची चोख तजवीज करतात. समुद्राचे वेळापत्रक मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज छापलेले असते, कारण आपल्या किनाऱ्यावरील भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. जुन्या कोळ्यांची रीत अशी की, तिथीच्या आकड्यास तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल तो आकडा त्या दिवशीच्या पूर्ण भरतीच्या घड्याळी वेळेचा समजावा. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता भरती. दुपारचीही साधारण तीच आणि रात्रीचीही तीच. यात तिथीगणिक पाऊण तास धरला जातो. त्याऐवजी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे धरली, तर पंधराव्या तिथीस बरोबर बारा वाजतात आणि हिशेबातील खोट निघून जाते. भरतीपासून सहा तास आणि वर थोडी मिनिटे इतक्या अंतराने ओहोटी. हा आडाखा मुंबई आणि रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यास चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे भरती आधी येते, म्हणून मालवण-गोव्याकडे जाणाऱ्याने त्यातून तासाभराची वजावट करावी. आडाखा तो आडाखाच. ज्यास होडी लोटावयाची आहे त्याने बंदरावरचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिलेच पाहिजे.

परंतु वेळ कळली म्हणजे सारे कळले असे नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, आणि त्यांच्या नंतरच्या एक-दोन दिवसांत विशेषच, समुद्र जितका वर चढतो तितकाच खाली उतरतो, हे उधाण. अष्टमीच्या आसपास मात्र तो धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. त्यास भांग म्हणतात. या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहिल्या की एक गमतीचा आणि प्रवाशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पौर्णिमेस भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. अष्टमीस ओहोटी दुपारी बाराच्या पुढेमागे. याचा अर्थ असा की, जेवणाआधी टोपी घालून आरामात पाहता येईल अशी भर दुपारची ओहोटी आपल्या या किनाऱ्यावर नेहमी भांगाची, म्हणजे कृपणाची असते, आणि समुद्र ज्या वेळी खरोखर आपले तळघर उघडून दाखवितो ती वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची असते. किनारा पाहावयाचा तर लवकर उठावे लागते, याला दुसरा इलाज नाही. मी स्वतः एकदा विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन अष्टमीच्या दुपारी खडकाळ किनाऱ्यावर गेलो होतो. ओहोटीची वेळ मिनिटामिनिटाने बरोबर होती, आणि पाहावयाचे ते सारे गुडघाभर पाण्याखाली होते.

उत्तरेकडे जावे तसतसे हे चढणे-उतरणे वाढत जाते, हेही ध्यानात असू द्यावे. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणातही पाण्याच्या पातळीतील फरक सुमारे दोन मीटर, मुंबईस साडेचार-पाच मीटर, आणि खंबायतच्या आखाताच्या आत भावनगरच्या बाजूस तो दहा मीटरांच्या घरात जातो. त्या भागात समुद्रतळ किनाऱ्यापासून दूरवर उथळ आहे आणि आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत गेले आहे. पाण्यास पसरावयास जागा उरली नाही की ते उंच होते, इतकी ही साधी गोष्ट आहे.

एवढी पूर्वतयारी झाली म्हणजे पहिला पाठ हरिहरेश्वरास घ्यावा. सावित्री नदी जेथे बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते तेथे, तिच्या उत्तर बाजूस हे क्षेत्र आहे, आणि देवालयामागच्या डोंगराला वळसा घालणारा जो प्रदक्षिणामार्ग, तो अर्धा डोंगरावरून आणि अर्धा चक्क समुद्राच्या तळावरून जातो. डोंगराच्या अरुंद खिंडीतून दगडी पायऱ्या उतरून खाली आले, की उजवीकडे उभा कडा आणि पायाखाली खडकाची विस्तीर्ण फरशी लागते. ही फरशी कोणी घातली? डोंगर पूर्वी पुढे समुद्रापर्यंत होता. भरती आणि ओहोटी यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातच लाटांचा मारा सतत बसतो. तेथे कड्याच्या पायथ्याशी खाच पडते, खाच खोल गेली की वरचा भाग आधारावाचून कोसळतो, पडलेला राडारोडा लाटा वाहून नेतात आणि पुन्हा नव्या पायथ्याशी काम सुरू होते. कडा मागे हटत जातो. त्याचा तेवढा तळ जागच्या जागी राहतो. क्रमिक पुस्तकांनी यास तरंगघर्षित मंच असे भारदस्त नाव दिले आहे आणि ते वाईट नाही. परंतु मुलांना नाव सांगण्यापूर्वी मंचाच्या बाहेरच्या कडेपासून कड्याच्या पायथ्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजावयास लावावे, आणि मग सांगावे की निदान तेवढा डोंगर समुद्राच्या पोटात गेला आहे.

त्याच कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे सहस्रावधी छिद्रे दिसतील. तेथे लाटेचा प्रत्यक्ष हात नाही. तुषारांतून आलेले खारे पाणी दगडाच्या रंध्रांत शिरते, वाळते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटा करतात. हाताने चाचपून पाहावे. भिंती तीक्ष्ण असतात.

धोक्याचीही दोन वाक्ये येथेच लिहिली पाहिजेत. या मार्गावर लाटेने ओढून नेल्यामुळे माणसे दगावली आहेत, आणि ती बहुधा समुद्राकडे पाठ करून उभी राहिलेली असतात. खडकावर कालवांचा पांढुरका पट्टा जेथे संपतो तेथवर पाणी नित्य येते असे समजावे. त्या पट्ट्याच्या खाली उभे असताना घड्याळ पाहावे, आणि ओल्या काळसर शेवाळलेल्या दगडावर तर पाऊलच ठेवू नये. पावसाळ्यात हा मार्ग ओहोटीलाही वर्ज्य समजावा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास पायी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे: ओहोटी लागली की वाळूतून चालत किल्ल्यात जाता येते खरे, परंतु पूर्ण ओहोटीच्या वेळी माणूस किल्ल्यातून निघालेला असावा, त्या वेळी निघून किल्ला पाहावयास जाऊ नये.

गुहागर तालुक्यात हेदवीस मात्र उलट भरतीला जावे. तेथे किनाऱ्याच्या खडकात एक अरुंद, खोल, सरळ चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. खडकातील दुबळी रेघ लाटांनी हेरली आणि वर्षानुवर्षे उकरून रुंद केली, हा तिचा इतिहास. भरतीची लाट घळीच्या तोंडाशी आली की प्रथम काहीच होत नाही. पाणी आत शिरते, घळ निमुळती होत जाते, कोंडलेल्या हवेचा एक घुमा आवाज येतो आणि मग पाण्याचा स्तंभ वर उसळतो. समुद्रगुहा, कमानी आणि पाण्यात सुटे उभे राहिलेले स्तंभ ही सारी याच उद्योगाची पुढची प्रकरणे होत. गुहा भूशिराच्या आरपार गेली की कमान. कमानीचा माथा कोसळला की स्तंभ. चित्रे पुस्तकात असतात, उद्योग हेदवीस दिसतो.

समुद्र एका हाताने घेतो ते दुसऱ्या हाताने कोठेतरी ठेवतो. दोन भूशिरांच्या मधल्या आडोशाला, लाटांचा जोर मोडतो तेथे, वाळू बसते आणि पुळण तयार होते. कोकणात सलग मैलोगणती पुळण थोडी, आणि भूशिरांच्या कुशीत बसलेल्या लहान लहान पुळणी फार, याचे कारण किनाऱ्याचा दंतुरपणा. रत्नागिरीस एका बाजूचा काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूचा पांढरा समुद्र लोक दाखवितात. समुद्र दोन्हींकडे एकच आहे, वाळू निराळी आहे. मुलांच्या खिशात एक लोहचुंबक द्यावे. काळ्या वाळूतून ते फिरविले की लोहयुक्त जड खनिजांची दाढी त्याला चिकटते. पांढऱ्या वाळूवर लिंबू पिळले तर बुडबुडे येतात, कारण तीत शंखशिंपल्यांचा चुरा पुष्कळ असतो. दहा मिनिटांच्या या खेळाने वाळू कोठून आली याचे जे ज्ञान होते ते तासभराच्या व्याख्यानाने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुळण मोसमाप्रमाणे हलते, ही गोष्ट किनाऱ्यालगत जमीन घेऊ पाहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. पावसाळ्यातील उंच लाटा वाळू ओढून समुद्रात नेऊन टाकतात. हिवाळ्यातील मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. फेब्रुवारीत रुंद दिसणारी पुळण पाहून सौदा करणारा आणि ऑगस्टमध्ये ती खंगलेली पाहून हाय खाणारा, दोघेही अर्धाच हिशेब पाहत असतात.

मालवणच्या दक्षिणेस देवबाग म्हणून गाव आहे. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरील भूगोलाचा हा सर्वांत सुबोध धडा. कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येते आणि थेट समुद्रात न शिरता दक्षिणेकडे वळून किनाऱ्याला समांतर वाहू लागते. कारण मध्ये वाळूचा एक लांबट, अरुंद दांडा आडवा पडला आहे, आणि त्या दांड्यावरच हे गाव वसले आहे. लाटा किनाऱ्यावर नेहमी काटकोनात येत नाहीत. त्या तिरक्या येतात आणि सरळ मागे ओसरतात, म्हणून वाळूचा कण करवतीच्या दातांसारखी वाट धरून किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत जातो. किनारा आत वळला किंवा नदीचे मुख आले की वाळू मात्र सरळ पुढे जात राहते आणि दांडा वाढतो. दांड्याच्या टोकाशी, भोगव्यासमोर उभे राहिले म्हणजे डाव्या हाताला खाडीचे संथ हिरवट पाणी आणि उजव्या हाताला समुद्राची फेसाळ लाट अशी दोन्ही एका नजरेत येतात. गावात कोठे विहीर दिसली तर डोकावून पाहावे. अशा वाळूच्या पट्टीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. रहाटाने उपसा असेतोवर ते गोड लागते, आणि यंत्राने वारेमाप उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून लोक आश्चर्य करतात. आश्चर्य करावे, परंतु चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या कुरटे बेटावर गड बांधण्याचा निर्णय १६६४ मध्ये घेणाऱ्यांनी आधी पाण्याची चौकशी केली असणार, याचेही थोडे कौतुक करावे.

दांडा वाढत जाऊन आखाताचे तोंड जवळजवळ बंद करतो, तेव्हा मागे कोंडलेले जे पाणी राहते ते पुस्तकातले खाजण. ओडिशातील चिल्का हे त्याचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण. पावसाळ्यात त्याचा विस्तार ११०० चौरस किलोमीटरांपेक्षा अधिक होतो. केरळातील कायले याच कुळातील. आणि आमच्या त्या विद्यार्थ्याचे खाजण? ते खाडीकाठचे, उधाणाच्या पाण्याने भिजणारे सपाट दलदलीचे रान. त्यास बांध घातला की त्याची खार होते आणि तीत भात पिकते. दोन्ही ठिकाणी शब्द एक आणि पाणी अडकण्याची गोष्टही एकच. फरक एवढाच की चिल्काला वाळूने अडविले आणि रायगडात पाणी माणसाने अडविले. या खारबंदिस्तीत एक जागा अशी असते की तेथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये: उघाडी. बांधात ठेवलेल्या मोरीच्या खाडीकडील तोंडावर लाकडी झडप वरच्या बाजूने टांगलेली असते. खाडीला भरती आली की पाणीच झडपेला आतल्या बाजूस रेटून घट्ट बसविते आणि खारे पाणी शेतात येऊ शकत नाही. ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी झडप बाहेर लोटून निघून जाते. कुलूप नाही, राखणदार नाही. समुद्र आपल्याच हाताने दार लावून घेतो. गोव्यात अशाच योजनेस मानस म्हणतात. बांधाला खांड गेली आणि ती वेळेवर बुजविली नाही, तर दोन-तीन उधाणांत शेताचे पुन्हा खाजण होते, आणि एकदा मीठ मुरलेली जमीन ताळ्यावर यावयास पुढे कित्येक पावसाळे लागतात.

आता खाडी. हा शब्द आपण इतक्या सढळ हाताने वापरतो की त्याच्या पोटात दोन निराळी पाणी नांदतात हे ध्यानात येत नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल या खाड्यांच्या शेंड्याला अनुक्रमे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण आणि तेरेखोल या नद्या आहेत. सह्याद्रीवरून आलेले गोडे पाणी आणि समुद्रातून आलेले खारे पाणी यांचा तेथे रोज दोनदा व्यवहार होतो. ही नदीमुख खाडी. याउलट जंजिऱ्याला कुशीत घेणाऱ्या राजपुरीच्या खाडीच्या शेंड्याला नाव घेण्याजोगी मोठी नदी नाही. तेथे मुख्यत्वे समुद्रच आत आला आहे. म्हणून खाडीवर गेल्यास पहिला प्रश्न असा विचारावा, की ओहोटीला हिच्यातून बाहेर पडणारे पाणी कोणाचे? वाशिष्ठीच्या बाबतीत तर या प्रश्नाचे उत्तर चमत्कारिक आहे. कोयना ही स्वभावतः कृष्णेकडे, पूर्वेस जाणारी नदी. परंतु तिचे पाणी वीज निर्माण करण्यासाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे उतरविले गेले आणि ते वाशिष्ठीत येऊन पडते. तेव्हा उन्हाळ्यात चिपळूणजवळ वाहणाऱ्या पाण्याचा बराच भाग, जन्माच्या दाखल्याप्रमाणे, बंगालच्या उपसागराच्या मालकीचा आहे!

या खाड्या इतक्या रुंद आणि दोन्ही काठांना डोंगर असलेल्या का, हेही सांगितले पाहिजे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी बर्फात अडकून समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली गेली होती. त्या काळी नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि दऱ्यांची तोंडे बुडाली. आपण खाडीत तरीने पैलतीरास जातो तेव्हा वस्तुतः एका बुडालेल्या दरीवरून जात असतो. त्याच्या उलट गोदावरीचे पाहावे: त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांच्या अंतरावर ती उगम पावते, आणि त्या समुद्राकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. इतक्या दूरच्या प्रवासात तिने एवढा गाळ गोळा केलेला असतो, आणि शेवटची वाट इतकी सपाट असते, की मुखाशी तो टाकून ती स्वतःची जमीन उभी करते. तोच त्रिभुज प्रदेश. कोकणच्या नद्यांपाशी तेवढा गाळही नाही आणि भरती-ओहोटी त्यांना तो ठेवूही देत नाही.

खाडी संपून नदी कोठे सुरू होते, हे ओळखण्याची खूण काठावर उभी असते. कांदळवनात समुद्राकडील चिखलात चिप्पी आणि तिवर, आत वळणावर कांदळ, असा खारफुटीचा क्रम लागतो. होडीतून वर जाताना ही झाडे विरळ होत होत जेथे नाहीशी होतात आणि काठाला करंज, भेंड अशी मंडळी दिसू लागतात, तेथे मिठाची सत्ता संपत आली असे समजावे. गावांची नावेही बोलतात. खारेपाटण समुद्रापासून इतके आत, तरी नावात खार आहे, कारण वाघोटणच्या भरतीचे पाणी तेथवर पोहोचे. आणि नावात जुवे किंवा जुवा आले की खाडीतील बेट शोधावे, मग ते गोव्यातील कुंभारजुवे असो की मसुऱ्याकडील जुवा.

हा नुसता अभ्यासाचा विषय आहे असे कोणी मानू नये. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आले; पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले, तरी तत्त्व राहिले, आणि ते खाड्यांच्या काठांनाही लागू आहे. खाडी कोठवर समजावयाची, याची २०११ पासूनची कसोटी अशी, की वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यात दर हजार भागांस मिठाचे पाच भाग जेथवर आढळतील तेथवर भरतीचा अंमल. पाणी कोठून येते, हाच प्रश्न कायद्यानेही विचारला आहे. तेव्हा "ओढ्याकाठची निवांत जागा" म्हणून कोणी दलाल तुकडा दाखवू लागला, तर मे महिन्यातील उधाणाच्या भरतीला तेथे जाऊन उभे राहावे. ओढा उलटा वाहू लागला तर तो ओढा नव्हे. मग मंजूर किनारा नकाशा पाहिल्यावाचून विसार देऊ नये.

मोठ्या पाण्याविषयी फार लिहावयास नको. नकाशा समोर असला की ते पुरेसे दिसते. रुंद तोंडाचा तो उपसागर, आत निमुळते होत गेलेले ते आखात, दोन समुद्रांना जोडणारी चिंचोळी ती सामुद्रधुनी, आणि दोन भूभागांना जोडणारी चिंचोळी जमीन ती संयोगभूमी, जी सुवेझला १८६९ मध्ये आणि पनामाला १९१४ मध्ये माणसाने कालव्याने कापली. आंतरराष्ट्रीय कायद्याची एक कसोटी मुलांना फार आवडते: किनाऱ्याच्या वळणाच्या दोन टोकांमध्ये रेघ ओढावी, त्या रेघेवर अर्धवर्तुळ काढावे; आतील पाणी त्या अर्धवर्तुळाइतके किंवा अधिक भरले तरच त्या वळणास उपसागराचा दर्जा, एरवी तो नुसता किनाऱ्याचा बाक. कंपास आणि नकाशा घेऊन मुंबईची बॅक बे मोजून पाहावयास हरकत नाही.

जमिनीवरील पाण्यालाही तेच तीन प्रश्न विचारावे. कॅस्पियनला समुद्र म्हणतात, मृत समुद्राला समुद्र म्हणतात. दोन्हींतून पाणी बाहेर पडावयास वाट नाही, म्हणून ती सरोवरे, आणि बाहेरची वाट नाही म्हणूनच ती खारट. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार याच न्यायाने पाहावे. अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेल्या त्या १८०० मीटरांच्या वाडग्यात झऱ्यांचे गोडे पाणी येते, परंतु जाते ते केवळ वाफेच्या रूपाने; क्षार मागे राहतात आणि साचत राहतात. काठावरच्या धारेचे पाणी गोड आणि खालचे सरोवर क्षारयुक्त, हे कोडे कोठे जाते या एका प्रश्नाने सुटते.

आमचा तो विद्यार्थी पुढे कधी भेटला नाही. भेटला असता, तर फळ्यावरच्या व्याख्येखाली मी त्याच्याकडूनच दुसरी व्याख्या लिहवून घेतली असती.

वाचकांपैकी ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी पौर्णिमेनंतरची वद्य द्वितीया गाठावी, आणि आदल्या रात्रीच हरिहरेश्वरास मुक्कामाला जावे. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी असेल. सहाला पायऱ्या उतराव्या, रबरी तळव्याचे बूट घालावे, आणि आठाच्या आत फरशी सोडून पुळणीवर यावे.